खाडीच्या पाण्यात पट्टी फसली, तो चॅप्टर थीसिसमधून काढू का?

पत्र (थोडं छोटं करून, ओळख पटेल असं काढून टाकलंय):

ताई, मी कळव्याला राहते आणि नवी मुंबईतल्या एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करतेय, पाचवं वर्ष. माझं काम म्हणजे पाण्यातला पारा ओळखणारी कागदाची पट्टी. त्यात सोन्याचे नॅनोपार्टिकल, म्हणजे अतिसूक्ष्म कण, असतात, पारा असला की लाल पट्टी निळसर पडते. दोन वर्षांपूर्वी सरांनी याच कामावर कंपनी काढली, स्टार्टअपसाठीच्या इन्क्युबेटरमध्ये जागा मिळाली, सरकारी ग्रँट मिळाली, आता एक इन्व्हेस्टर बघतोय. कंपनीला पायलट हवा होता म्हणून मला खाडीचे सॅम्पल घ्यायला पाठवलं, ऐरोली आणि वाशी, तब्बल १४ महिने. नळाचं, बोअरचं पाणी असेल तर पट्टी मस्त चालते. पण खाडीत भरतीचं पाणी घेतलं की पारा असो नसो, पट्टी निळी. मी सगळं आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातू अचूक मोजणाऱ्या यंत्रावर, चेक करून घेतलं आणि चॅप्टर चार लिहिला. सर म्हणतात हा चॅप्टर नको, तीन चॅप्टरमध्ये पण थीसिस होते, इन्व्हेस्टरचं ड्यू डिलिजन्स, म्हणजे कंपनीची तपासणी, चालू आहे. पोस्टर पण मागे घ्यायला लावलं. वर कंपनीचा एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, दिलाय सहीला. सर वाईट नाहीत हो, बाबा आजारी होते तेव्हा माझी फी त्यांनी भरली होती. आई म्हणते सही करून टाक, तीच कंपनी नोकरी देतेय, घराजवळ आहे, अजून काय पाहिजे. आणि एक गोष्ट मनातून जात नाही. ऐरोलीला ज्या कोळी काकांच्या होडीतून मी सॅम्पल घ्यायचे त्यांनी शेवटच्या दिवशी विचारलं, पोरी काय निघालं पाण्यात? मी काहीच बोलले नाही. काय करू?

उत्तर:

अगं, चॅप्टर काढू नकोस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. पण सरांशी भांडायचीही गरज नाही, कारण तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात आणि मला वाटतं सरांच्याही डोक्यात त्या गुंतल्यात. पेटंट वेगळं आणि गुपित वेगळं. मी बरीच वर्षं लॅबमध्ये आणि नंतर एका संस्थेच्या टेक ट्रान्सफर ऑफिसात, म्हणजे लॅबमधले शोध कंपन्यांपर्यंत नेणाऱ्या विभागात, काढलीत, आणि माझ्यासमोर रडत आलेल्या जवळपास प्रत्येक पीएचडीच्या मुलीचा हाच गुंता होता.

पेटंटचं आधी, कारण ते सोपं आहे. पोस्टर मागे घ्यायला लावलं याचा तुला राग आलाय, पण पट्टी ज्या रसायनावर चालते ते त्या पोस्टरवर असेल आणि अर्ज अजून गेला नसेल तर सर तिथे बरोबर आहेत. शोध आधी जगजाहीर झाला की युरोपात पेटंट मिळत नाही. आपल्या कायद्यातल्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सूट आहे पण ती फारच अरुंद आहे, विद्वत्सभेत वाचलेला पेपर वगैरे, तिच्या भरवशावर कुणी राहू नये. अमेरिकेत वर्षभराची मुभा आहे, आणि तिथली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बोयर यांचं डीएनए जोडण्याचं तंत्र. पेपर आला नोव्हेंबर १९७३ ला, आणि अर्ज गेला नोव्हेंबर १९७४ ला, मुदत संपायला जेमतेम आठवडा राहिलेला. अमेरिकेतलं पेटंट वाचलं पण बाकीच्या देशांतले हक्क गेले ते गेलेच. आणि तरी ते पेटंट कुणाच्या कुलपात बसलं नाही हेही सांगते, स्टॅनफर्डने ते एकाच कंपनीला न देता मागेल त्याला लायसन्स दिलं, शेवटी ४६८ कंपन्यांनी घेतलं. म्हणजे पेटंट म्हटलं की विज्ञान बंद झालं असं काही नसतं.

आता यातली तुझ्या कामाची गोष्ट. आपल्याकडे पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज करता येतो, त्यावर तारीख पडली की शोधाचं पूर्ण वर्णन द्यायला १२ महिने मिळतात, आणि १८ महिन्यांनी अर्ज तसाही सगळ्यांना वाचायला खुला होतो. त्या अर्जात जे नीट लिहिलंय ते तारीख पडल्यावर तू पेपरमध्ये, पोस्टरवर, ओपन व्हायवाला (थीसिसच्या जाहीर तोंडी परीक्षेला) बिनधास्त सांगू शकतेस. म्हणजे पेटंटसाठी गप्प बसायचं ते काही आठवडे, फार तर दोन-चार महिने. 'पेटंट आहे म्हणून दोन वर्षं थांब' असं कुणी म्हणत असेल तर कारण पेटंट नाहीये, दुसरं काहीतरी आहे. सरांना इतकंच विचार, प्रोव्हिजनल कधी फाईल होतंय, तारीख सांगा. आणि शोधात तुझा खरा वाटा असेल तर इन्व्हेंटर म्हणून तुझं नाव अर्जात हवं, ते उपकार म्हणून मागायचं नसतं.

आता चॅप्टर चार. यात पेटंट घेण्यासारखं काय आहे? भरतीच्या पाण्यात पट्टी फसते. फसण्याचं पेटंट कुणी घेत नाही. म्हणजे इथे तुला जे सांगितलंय ते पेटंटसाठी नाही, गुपितासाठी सांगितलंय, आणि गुपिताला १२ महिने नाहीत, १८ महिने नाहीत, २० वर्षंसुद्धा नाहीत. त्याला शेवटच नाही.

हे मला इतकं का टोचतं ते सांगते. मायरियड नावाची कंपनी आहे, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या लोकांनी १९९१ ला काढलेली, म्हणजे तुझ्या सरांच्या कंपनीची मोठी बहीणच. ब्रेस्ट कॅन्सरशी संबंधित बीआरसीए जीन त्यांनी शोधला, पेटंट घेतलं, टेस्ट विकायला लागले. त्या जीनमध्ये हजारो प्रकारचे बदल असतात, त्यातला कुठला घातक आणि कुठला निरुपद्रवी हे खूप पेशंटचा डेटा एकत्र आल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला कंपनी हा डेटा सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये टाकायची, २००४ पासून टाकायचं बंद केलं. २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निसर्गातल्या जीनचं पेटंट चालणार नाही असं सांगितलं, लोकांना वाटलं सुटलो. पण पेटंट गेलं तरी त्या सगळ्या वर्षांचा डेटा कंपनीच्या कपाटातच राहिला. दुसऱ्या लॅबमध्ये टेस्ट केलेल्या बाईच्या रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असं यायचं, आणि अर्थ ठाऊक असलेला डेटा जगात एका ठिकाणी पडून होता! शेवटी डॉक्टरांनी आणि पेशंट बायकांनी आपापले रिपोर्ट गोळा करून खुल्या डेटाबेसमध्ये टाकायला सुरुवात केली.

लॅबमधून कंपनी निघते तेव्हा लोक पैशांची चर्चा करतात, कुणाला किती इक्विटी वगैरे, पण माझ्या मते खरा बदल होतो तो एखादी माहिती पूर्ण झाली आणि आता सांगायला हरकत नाही हे कोण ठरवतं यात. आधी ते तुझा डेटा ठरवायचा, नाहीतर पेपर तपासणारा रेफरी, नाहीतर लॅब मीटिंगला खोचक प्रश्न विचारणारा तो एक सिनियर. आता ते फंडिंगचं कॅलेंडर ठरवतं. बायरॅक या बायोटेक स्टार्टअपना पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेची बिग ग्रँटच घे, १८ महिने आणि ५० लाखांपर्यंत, वाईट काहीच नाही त्यात, कितीतरी चांगली कामं त्यातून उभी राहिलीत. पण १८ महिन्यांत दाखवण्यासारखं काय आहे हा प्रश्न एकदा लॅबमध्ये शिरला की 'हे असं का होतंय' हा प्रश्न मागच्या बाकावर जातो. अमेरिकेत १९९७ साली एक सर्व्हे छापून आला होता, जीवशास्त्रातल्या प्राध्यापकांचा, त्यात जवळपास पाचातल्या एकाने कबूल केलं की मागच्या तीन वर्षांत आपण एकदा तरी रिझल्ट सहा महिन्यांहून जास्त रोखून धरले. सगळे काही लबाड नव्हते. तुझ्या सरांसारखेच असतील, विद्यार्थ्याची फी भरणारे.

माझ्या स्वतःच्या बाबतीत झालेलं सांगते. पीएचडीला असताना मी एक अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते दाखवणारा रेणू) वापरायचे, आठ महिने रिझल्ट काही केल्या जुळेनात, गाईडना वाटायचं माझा हात कच्चा आहे, मलाही तसंच वाटायला लागलं, घरी येऊन जेवायची नाही, आई विचारायची काय झालं तर चिडायची. मग एका कॉन्फरन्सला चहाच्या रांगेत दुसऱ्या लॅबमधला एक जण सहज बोलून गेला की अरे ती अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटते, आम्हाला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं पण आमच्या बॉसची कंपनी होती ना, बाहेर बोलू नका म्हणाले. तीन वर्षं! माझे आठ महिने गेलेच, अजून किती जणांचे गेले असतील याचा हिशोब कुणाकडे नाही. म्हणून सांगते, तुझा चॅप्टर चार कपाटात गेला तर उद्या कोची नाहीतर सुंदरबनच्या कुठल्यातरी मुलीला तेच १४ महिने परत घालवावे लागतील, तेही बहुतेक सरकारी फेलोशिपवर.

पण थांब, यावरून कंपनीच वाईट असं म्हणू नकोस, कारण तुझ्याच पत्रात एक वाक्य आहे जे तू पटकन लिहून पुढे गेलीस. पायलट हवा होता म्हणून तुला खाडीवर पाठवलं. कंपनी नसती तर तू खाडीवर गेली असतीस का? बहुतेक नाही. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये पारा टाकून छान सरळ ग्राफ काढला असतास, पेपर झाला असता, आणि ही पट्टी प्रत्यक्षात कुठे चालते कुठे नाही हे कुणाला कळलंच नसतं. असे पेपर ढिगाने पडलेत. गिऱ्हाईक खाडीकाठच्या एमआयडीसीत बसलंय म्हणून तू खाडीचं पाणी घेतलंस, बॅचमागून बॅच पट्ट्या तपासल्यास, भरती-ओहोटीच्या वेळा पाठ केल्यास. हे ज्ञान कंपनीमुळेच तयार झालं आणि आता त्याच कंपनीला ते नकोसं झालंय. स्पिन-ऑफची, म्हणजे लॅबमधून निघालेल्या कंपनीची, ही दोन्ही तोंडं खरी आहेत.

आपल्या इथलंच चांगलं उदाहरण बघ. आयआयटी मुंबईतून निघालेली इम्युनोअ‍ॅक्ट, तिची कॅन्सरवरची कार-टी थेरपी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देण्याची) नेक्सकार१९. पवईत लॅबचं काम, ट्रायल्समध्ये टाटा मेमोरियल, त्यांच्या खारघरच्या केंद्रात म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२१ ला पहिल्या पेशंटला दिली, ऑक्टोबर २०२३ ला मंजुरी, आणि परदेशात ज्याला कोटींच्या घरात खर्च येतो ते इथे काही लाखांत आलं. कंपनी नसती तर हे फ्रीझरमध्ये राहिलं असतं. आणि त्यांच्या ट्रायल्सचे रिझल्ट, साईड इफेक्टसकट, २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत छापून आलेत, कुणीही वाचावेत. पण का आले याचा विचार कर. करणारे लोक चांगले आहेतच, पण औषधाला विचारणारं कुणीतरी बसलंय. ट्रायल सुरू करण्याआधी सीटीआरआय या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीच आहे, ड्रग कंट्रोलरला कागद द्यावे लागतात. तुझ्या पट्टीला असं विचारणारं कोण आहे? औषधासारखी ट्रायलची सक्ती तिला नाही. उद्या कुणी ती भरतीच्या पाण्यात बुडवून निळी झाली म्हणून बोंब मारेल. किंवा याच्या उलट, सारखी निळीच होते म्हणून खऱ्या पाऱ्याकडेही दुर्लक्ष करेल. तुझी थीसिस हीच एक जागा आहे जिथे हे लिहिलं जाणार आहे. म्हणून मी इतकी अडून बसलेय.

आता सरांशी कसं बोलायचं ते. सगळ्यांसमोर नको, मेलवर एकदम नको, आधी केबिनमध्ये जाऊन बस. आणि चॅप्टरला 'फेल' म्हणू नकोस. सोन्याचे नॅनोपार्टिकल मिठाने गोळा होतात आणि निळे पडतात हे नॅनो करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, इन्व्हेस्टरने एक बरा केमिस्ट आणून बसवला तर तो पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारेल. तेव्हा सरांकडे उत्तर नसेल तर ते वाईट दिसेल, उलट '१४ महिन्यांचा डेटा आहे, इतक्या क्षारतेपर्यंत चालते, त्यापुढे नाही' असं टेबलवर ठेवता आलं तर कंपनीची पत वाढेल. प्रत्येक किटच्या पत्रकावर कुठे वापरू नये ते लिहिलेलं असतंच की. चॅप्टरचं नाव 'क्षारतेची मर्यादा' असं कर. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं तेव्हा पट्टी किती सुधारली ते तुझ्याकडे असणारच, तो ग्राफ पहिला ठेव. आणि पट्टीला मीठ सोसेल असं काही आवरण देण्याची कल्पना तुमच्या लॅबमध्ये कुणाच्या डोक्यात असेल, तर तिचं प्रोव्हिजनल आधी फाईल करा, ती सुधारणा थीसिसमध्ये नाही घातलीस तरी चालेल. नवी कल्पना सरांकडे ठेव, मोजलेलं सत्य थीसिसमध्ये ठेव. बहुतेक गाईड इथे ऐकतात, मी पाहिलंय.

नाहीच ऐकलं तर एक पायरी खाली ये, एम्बार्गो माग. थीसिस शोधगंगा या सगळ्यांना खुल्या ऑनलाईन संग्रहात जाते, पण पेटंटसारख्या कारणासाठी ती काही काळ मागे ठेवायची सोय बऱ्याच संस्था देतात, तुमच्याकडे काय नियम आहे ते अ‍ॅकॅडमिक ऑफिसला विचार. सहा महिने, फार तर वर्ष, आणि तारीख लिहून. उशीर चालेल गं, काढून टाकणं नाही चालणार. तेही जमलं नाही तर तुझी रिसर्च अ‍ॅडव्हायजरी कमिटी आहे. तिथे सरांची तक्रार करू नकोस, फक्त इतकंच म्हण की सर माझे गाईड पण आहेत आणि कंपनीचे डायरेक्टर पण, मी कधी सबमिट करायचं आणि त्यात काय असावं हे ठरवताना या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे आहेत, तर कमिटीने किंवा को-गाईडने चॅप्टर चार बघून मत द्यावं. यात सरांचा अपमान नाही, खरं तर हे संस्थेनेच कंपनीला परवानगी देताना ठरवून द्यायला हवं होतं. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, 'सर आज आपलं असं ठरलं'.

एनडीएवर आत्ता सही नाही. तू कंपनीची नोकर नाहीस, तुला पैसे फेलोशिपचे मिळतात, सरकारी तिजोरीतून. कागद संस्थेच्या आयपी सेलकडे, म्हणजे पेटंट आणि करार बघणाऱ्या विभागाकडे, घेऊन जा आणि त्यांनाच वाचायला लाव. गुप्त माहितीची व्याख्या जिथे आहे तिथे 'पीएचडीचं काम, थीसिस, व्हायवा आणि त्यावरचे पेपर यातून वगळलेत' असं स्पष्ट वाक्य हवं. ते नसेल तर सही करताक्षणी तुझाच चॅप्टर तुला दाखवता येणार नाही. आणि घाबरून डेटा पेनड्राईव्हवर घेऊन घरी पळू नकोस हां, लॅब नोटबुक संस्थेची असते, तिच्यावर तारखा आणि सह्या नीट आहेत ना तेवढं बघ, त्याच तुझ्या बाजूने बोलतील.

आईला सांग नोकरी नाकारत नाहीये. थीसिस सबमिट झाल्यावर, वेगळ्या ऑफर लेटरवर, पगार आणि काम लिहून देत असतील तर खुशाल जा, घराजवळ चांगलं काम मिळत असेल तर का सोडायचं. फक्त सबमिशन आणि नोकरी एकाच वाक्यात कुणाला बोलू देऊ नकोस.

राहिले काका. त्याचं तुला वाईट वाटतंय हे वाचून मला बरं वाटलं, खरंच. काकांनी पट्टीबद्दल विचारलं नव्हतं, पाण्याबद्दल विचारलं होतं. आणि पाण्याचे आकडे पट्टीचे नाहीतच, आयसीपी-एमएसचे आहेत, त्यात कुठल्या शोधाचं गुपित नाही. को-गाईडना विचारून, आकडे बरोबर आहेत याची त्यांच्याकडून खात्री करून घे आणि एका कागदावर मराठीत लिही, जागा कुठली, तारीख कुठली, भरती होती की ओहोटी, पारा किती निघाला. आकडा नुसता ठेवू नकोस, त्याचा अर्थ काय तेही लिही, पिण्याच्या पाण्याची मर्यादा खाडीला लागत नाही हे लिही, आणि मासळीत किती आहे हे तू मोजलेलं नाहीस तेही लिही, कारण काकांचा पुढचा प्रश्न तोच असणार आहे. मग एखाद्या सकाळी जेट्टीवर जा आणि त्यांना वाचून दाखव.